तिसऱ्यांदा कर्ज फेडायचं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवऱ्याचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगी सातवीत. लग्न ठरताना माहेरच्यांनी 'मुलगा निर्व्यसनी आहे ना' एवढी एकच गोष्ट खोदून विचारली होती, आणि ती खरीच होती. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना मोबाइलवर पैशांची रमी सुरू झाली. २०२२ मध्ये ४ लाखांचं कर्ज उघडकीला आलं, ते सासऱ्यांनी ठेव मोडून फेडलं. २०२४ मध्ये ७ लाख निघाले, तेव्हा अर्धा एकर रान विकलं. दोन्ही वेळा नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा आला, रमीची अ‍ॅप बंद झाली, आणि ताईंना वाटलं, सुटलो. पण नवऱ्याने कुणाकडून तरी क्रिकेटच्या सट्ट्याची 'आयडी', म्हणजे सट्टा लावायचं ऑनलाइन खातं, घेतली होती. आता ९ लाखांचं देणं आहे, त्यातलं काही सावकाराचं. सासूबाई म्हणतात, 'बायकोने मुठीत ठेवायला हवं होतं.' दीर म्हणतो, 'आजार कसला, हाव आहे ही.' ताईंनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्जाचा अर्ज आणून ठेवला आहे. त्या विचारतात: 'हे शेवटचं फेडलं तर डोक्यावरचा ताण जाऊन तो सुधारेल का? आणि हा खरंच आजार असेल, तर मी त्याच्यावर चिडायचंही नाही का?' सहीच्या खाली एक ओळ आहे: 'परवा जेवताना म्हणाला, मी नसतो तर तुमचं सगळं मिटलं असतं.'

ताई,

तुमच्या पत्राला मी शेवटापासून उत्तर देते. सहीखाली तुम्ही जी ओळ लिहिली आहे, ती मला ९ लाखांपेक्षा मोठी वाटते. जुगाराच्या आजारात आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो, आणि तो सगळ्यात जास्त असतो तो भांडं फुटतं त्या दिवसांत: घरात कळलं, सावकाराची तारीख जवळ आली, आता तोंड कसं दाखवायचं. तुमच्या घरी आत्ता तेच दिवस चालू आहेत. म्हणून आज रात्री, मुलगी झोपल्यावर, त्यांना सरळ विचारा, 'तुम्हाला जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. बहुतेक माणसांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर 'हो' असेल, किंवा ते नुसतेच गप्प बसून रडायला लागले, तर त्यांना एकटं सोडू नका. घरात किंवा दुकानाच्या माळ्यावर कीटकनाशक, तणनाशक असेल तर ते दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. तुम्ही स्वतःही त्यावर फोन करू शकता, फोन रुग्णानेच केला पाहिजे असं नाही.

हे झालं की पुढचं वाचा. पैशांचं चार दिवस थांबेल.

आता तुमच्या दिराचं म्हणणं. 'हाव आहे ही.' गावात दहापैकी नऊ माणसं हेच म्हणतील, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मी, असे तिघं टेबलाशी बसून त्यांच्या यूपीआयच्या व्यवहारांची एका रात्रीची यादी वाचत होतो. मी पेनाने एकेक ओळ खूण करत होते. रात्री ११.४० ला ५०० गेले. पुन्हा ५००. मग १,०००. १२.२५ ला ३,२०० जमा, म्हणजे जिंकले. १२.२७ ला तेच ३,२०० गेले. मग २,०००, २,०००, मध्ये एका मित्राकडून ५,००० आले, तेही गेले. शेवटची ओळ पहाटे ३.५० ची होती: ९७ रुपये. बायकोने विचारलं, '९७ च का?' ते म्हणाले, 'तेवढेच उरले होते.'

त्या यादीत मला हाव कुठे दिसली नाही. हावरा माणूस ३,२०० रुपये खिशात घालून झोपला असता. या माणसाने ते दोन मिनिटांत परत घातले, कारण त्याला पैसे नको होते, पुढचा डाव हवा होता. पैसे हे त्याच्या लेखी फक्त पुढच्या डावाचं तिकीट होतं. तुमच्या यजमानांची तशी यादी काढून बघा. जिंकल्यानंतरच्या ओळी बघा. दिरालाही दाखवा.

हा फरक वैद्यकशास्त्राच्या लक्षात यायलाही वेळ लागला. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगांच्या यादीत जुगाराचा आजार पहिल्यांदा घातला, पण तो मनावर ताबा न राहण्याच्या विकारांत, म्हणजे उगाच चोरी करण्याच्या किंवा आगी लावण्याच्या विकारांच्या पंगतीला. २०१३ मध्ये तो तिथून काढून दारू आणि गर्दसारख्या अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात नेला. शरीरात काहीही न घालता होणाऱ्या एखाद्या सवयीला त्या यादीत व्यसनाचा दर्जा मिळाला तो तेव्हा पहिल्यांदा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली यादीही त्याला व्यसनाचाच आजार म्हणते, आणि प्रत्यक्ष खेळलेला जुगार आणि ऑनलाइन खेळलेला जुगार असे त्याचे दोन प्रकार वेगळे नोंदवते.

खरं तर आपल्या भाषेला हे आधी ठाऊक होतं. संस्कृतात 'व्यसन' म्हटलं की त्यात द्यूत यायचंच. मनुस्मृतीत राजाने टाळायच्या सगळ्यात वाईट व्यसनांत मद्यपानाच्या शेजारी फासे आहेत. मराठीत येता येता शब्द आकसला आणि बाटली, पुडी, विडी एवढ्यावरच आला. म्हणून तुमच्या माहेरच्यांनी 'निर्व्यसनी' विचारलं, त्यांना खरं उत्तर मिळालं, आणि कुणाचीच फसवणूक झाली नाही. त्या बाबतीत स्वतःला बोल लावू नका.

डॉक्टर काय बघतात ते सांगते, म्हणजे तुम्ही घरीच ताडून पाहू शकाल. आधी ज्या रकमेत मजा यायची तिच्यात आता येत नाही, रक्कम वाढवावी लागते. खेळ बंद केला की चिडचिड, येरझाऱ्या. बंद करायचा प्रयत्न केलेला असतो, आणि तो पुन्हा पुन्हा फसलेला असतो. डोक्यात सतत तेच. मन उदास असलं, भांडण झालं की हात फोनकडे जातो. हरलेले पैसे 'रिकव्हर' करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं. खोटं बोलणं. नातं, धंदा, नोकरी पणाला लागणं. आणि फसल्यावर दुसऱ्यांकडून पैसे घेऊन सुटका करून घेणं. ही नऊ लक्षणं आहेत. वर्षभरात त्यातली चार दिसली तरी आजार म्हणतात, आठ-नऊ दिसली तर तीव्र. तुमच्या पत्रात मला सहा स्पष्ट दिसली. उरलेली तीन तुम्हाला माहीत असतील. अर्थात शिक्का डॉक्टरांनीच मारायचा, मी नव्हे. दिवाळीत चार पत्ते कुटणारा, वर्षातून एकदा लॉटरीचं तिकीट घेणारा प्रत्येक जण आजारी नसतो, बहुतेक नसतातच.

मग काहींनाच का होतं? थोडा भाग स्वभावाचा, थोडा रक्तातला, थोडा त्या वेळच्या परिस्थितीचा. पण खेळाची बांधणीही तशीच असते. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा पडतो, पण कितव्या टोचीला पडेल याचा नेम नाही, असं केलं की कबुतर न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद केले तरी कितीतरी वेळ टोचतच राहतं. अनिश्चित बक्षीस हेच आमिष. त्यात थोडक्यात हुकणं. ४७ लावला आणि ४८ आला, की हरलेला माणूस 'हरलो' म्हणत नाही, 'जवळ आलो होतो' म्हणतो. मेंदूचे स्कॅन काढून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे की असा थोडक्यात हुकलेला डाव मेंदूच्या त्याच भागांना चाळवतो, ज्यांना जिंकणं चाळवतं.

तरीही कुणाला 'मनाचे खेळ' वाटत असतील, तर कंपवाताची (पार्किन्सन्सची) एक गोष्ट सांगते. कंपवातावर डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारी काही औषधं देतात. ती सुरू केल्यावर काही रुग्णांना, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या सज्जन म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, जुगाराचं वेड लागलं. औषध कमी केलं किंवा बदललं की पुष्कळांचं ते गेलं. या माणसांना गोळीबरोबर हाव आणि गोळी बंद झाल्यावर वैराग्य आलं, असं तर कुणी म्हणणार नाही. (घरात कुणाला कंपवाताचं औषध चालू असेल आणि असं काही जाणवलं, तर गोळी आपण होऊन बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.)

आपल्या भागाला जुगार नवा नाही. मुंबईत कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लोक आकडे लावायचे, त्यातूनच पुढे १९६० च्या दशकात वरळीचा मटका उभा राहिला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. कित्येक गिरणी कामगारांच्या घरांची त्याने राख केली. पण मटक्यात ओपन आणि क्लोज यांच्या मध्ये काही तास जायचे. आकडा लावायला टपरीवर जावं लागायचं, तिथे कुणीतरी ओळखीचं भेटायचं, 'काय रे, आज पुन्हा?' म्हणायचं. आज फोनमध्ये दर चेंडूवर पैसे लावता येतात, अंथरुणात, पांघरुणाखाली, तुम्ही शेजारी झोपलेल्या असताना. सासूबाईंना हे सांगा. पांघरुणाखालचा फोन मुठीत ठेवणारी बायको मी अजून पाहिलेली नाही.

नव्या कायद्याबद्दलही बोलून टाकते. त्याने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणवणारेसुद्धा, बंद करायचं ठरवलं. मला तो आवश्यक वाटतो. पण दारूचं दुकान बंद झालं म्हणून दारुड्याची तहान जात नाही, तो हातभट्टी शोधतो. तुमच्या यजमानांनी 'आयडी' शोधली. ते तुम्हाला फसवायला नव्हे; आजारावर कुणी काही केलंच नव्हतं म्हणून. आणि एक दिलासा: त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांना ठेवली आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. 'दवाखान्यात सांगितलं तर पोलिसांत जाईल' या भीतीने थांबू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फेडायचं का?

नाही. आत्ता नाही, अशा रीतीने नाही, आणि तुमच्या नावावर कर्ज काढून तर मुळीच नाही.

तुम्ही असं धरून चालला आहात की कर्जाचा ताण हे मूळ आहे आणि जुगार हा त्याचा परिणाम. ताण गेला की खेळ जाईल. हे अगदी साहजिक आहे, मलाही कधीकाळी तसंच वाटायचं. या कामात नवी असताना मी एका कुटुंबाला सांगितलं होतं, एकदा सगळं देणं मिटवून टाका, म्हणजे मोकळ्या मनाने तो उपचार घेईल. त्यांनी वडिलोपार्जित घराचा हिस्सा विकून मिटवलं. दोन महिने बरे गेले. मग त्याने नवं कर्ज काढलं, आणि ते त्याला सहज मिळालं, कारण जुनं फिटल्यामुळे त्याची पत सुधारली होती. त्याची आई माझ्यासमोर काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. माझ्या सल्ल्याने त्या बाईंचं घर गेलं. तो चेहरा मी विसरलेले नाही, आणि तुम्हाला इतक्या ठामपणे 'नाही' म्हणते आहे ते त्यामुळेच.

कुणीतरी येऊन आपल्याला सोडवतं, ही गोष्ट मी वर सांगितलेल्या नऊ लक्षणांतच आहे. दुसऱ्याने फेडलेलं कर्ज आजाराला खाद्य होतं. महाभारतात हे फार नेमकं आलं आहे, पण कीर्तनात ते आपण भराभर ओलांडतो. पहिल्या द्यूतात युधिष्ठिराने राज्य, भाऊ, स्वतःला आणि द्रौपदीला घालवल्यावर धृतराष्ट्राने सगळं परत केलं. सगळं. पाटी कोरी झाली. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, आणि वाटेतच दुसरं बोलावणं आलं. युधिष्ठिर परत फिरला, पुन्हा फासे हातात घेतले, आणि मग १२ वर्षांचा वनवास आणि १ वर्षाचा अज्ञातवास नशिबी आला. धर्मराज म्हणवणारा माणूस होता तो. कोरी पाटी त्यालाही पुरली नाही. तुमच्या सासऱ्यांनी दोनदा कोरी पाटी दिली आहे. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तिसरी देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त भिडला. आजार म्हटल्यावर चिडायचं नाही का? चिडा, ताई. रान गेलं, ठेव गेली, विश्वास गेला, आणि वर टोमणे तुम्ही ऐकायचे. राग येणारच. आजार आणि जबाबदारी यांतलं एकच निवडायचं असं आपण धरून चालतो, तिथे गफलत आहे. फिट येणाऱ्या माणसाला फिट आल्याबद्दल कुणी दोष देत नाही. पण तोच माणूस गोळ्या न घेता, मुलीला मागे बसवून मोटारसायकल चालवू लागला, तर घरच्यांनी चावी काढून घ्यायलाच हवी. तुमच्या यजमानांनी हा आजार मागून घेतला नाही. तो आहे हे कळल्यानंतर डॉक्टरकडे जायचं की नाही, फोन आणि पैसे दुसऱ्याच्या हाती द्यायचे की नाही, हे मात्र त्यांच्या हातात आहे. त्यांना जाब विचारायचा तो याचा.

आणि म्हणून यापुढे शपथ घेऊ देऊ नका. शपथ मोडली म्हणजे मुलीवर प्रेम नाही, असा अर्थ तुम्ही लावला असेल. तसं नाही. शपथ घेताना ते खोटं बोलत नव्हते. रात्री बारा वाजता ज्या मनाने ती पाळायची, त्याच मनाला आजार झाला आहे. पण मला जास्त काळजी मुलीची वाटते. ती सातवीत आहे. तिच्या डोक्यावर दोनदा हात ठेवला गेला, आणि शपथ मोडल्याचं तिला कळलेलं असणार, मुलांना कळतं. आपल्याकडे मुलं काय ऐकत मोठी होतात? डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की त्या माणसाचं वाईट होतं. ती रात्री पडल्या पडल्या हा विचार करत नसेल असं मी धरून चालणार नाही. तिला जवळ घेऊन सांगा की बाबांना एक आजार आहे, त्यावर औषध करतोय, ते तुझ्यामुळे झालं नाही, आणि शपथेने तुला काहीही होणार नाही. शक्य असेल तर हे तिच्या बाबांनीच तिला सांगावं. त्यांच्या उपचारांची सुरुवात तिथून झाली तरी चालेल.

आता कामाचं बोलते. तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या इतरांनाही हे उपयोगी पडेल.

आधी एक मोठा कागद घ्या आणि त्यांच्या हातानेच सगळी देणी लिहून काढा: बँक, पतसंस्था, अ‍ॅपवरची कर्जं, सावकार, मित्र, नातेवाईक, आणि 'आयडी' देणारा. पहिल्या बैठकीत पूर्ण आकडा बाहेर येत नाही, हे आधीच गृहीत धरा. लाजेपोटी एखादं देणं मागे ठेवलं जातं. म्हणून त्यांच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट काढायला लावा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. बँकांची आणि बऱ्याचशा अ‍ॅपची कर्जं त्यात दिसतात, सावकाराची दिसत नाहीत.

सट्ट्यात हरलेल्या पैशांसाठी कुणी कोर्टात दावा लावू शकत नाही; १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्द धरला जातो. उसने घेतलेले पैसे मात्र वेगळे, ते सहसा देणं लागतात. सावकाराकडे परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. दमदाटी झाली तर पोलीस. बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची सही नसलेलं त्यांचं कर्ज आपोआप तुमच्यावर येत नाही, म्हणून यापुढे जामीनदार म्हणून कुठेही सही करू नका, सासऱ्यांनाही करू देऊ नका. हे सगळं एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत मदत मिळते.

फेडायचं ते त्यांनी फेडायचं. दुकानाच्या उत्पन्नातून, महिन्याच्या हप्त्याने, चार-पाच वर्षं लागली तरी. हे शिक्षा म्हणून सांगत नाही. दर महिन्याला हप्ता देताना त्या रात्रींची खरी किंमत हातातून जाते, आणि हळूहळू आपण काहीतरी सावरतोय हेही जाणवतं. घरच्यांनी एकरकमी फेडलं की या दोन्ही गोष्टी त्यांना मिळत नाहीत.

तोवर पैशांच्या वाटा बंद करा, पण त्यांच्या संमतीने, समोर बसून. गुपचूप फोन तपासणं, पासवर्ड चोरणं यात तुमचीच झोप जाईल, आणि त्यांचं लपवण्याचं कसब वाढेल. दुकानाचा क्यूआर कोड तुमच्या किंवा सासऱ्यांच्या खात्याला जोडा. त्यांच्या फोनमधलं यूपीआय काढा. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात. काही महिने साधा बटणांचा फोन वापरायला ते तयार झाले तर फार चांगलं. खर्चाला रोज ठरावीक रोकड. 'मी काय लहान मूल आहे का?' असं ते म्हणतील. म्हणावं, 'पाय मोडला असता तर कुबडी घेतलीच असती ना.'

मग मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात असतात. नवऱ्याला उदासी, झोप न येणं, मूड अचानक खूप चढणं हेही आहे का, ते डॉक्टर तपासतील. जुगाराबरोबर असे आजार पुष्कळदा जोडीने येतात आणि त्यांना औषध लागतं. खास जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही, पण नालट्रेक्सोनसारखं, एरवी दारू आणि अफूच्या व्यसनात वापरलं जाणारं औषध डॉक्टर काहींना देतात. मुख्य उपचार बोलण्याचा असतो: कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत ओढ लागते ते हुडकायचं, 'आता माझी वेळ येणारच' यांसारखे समज उलगडून बघायचे, ओढ आली की ती अर्धा तास तशीच जाऊ द्यायला शिकायचं. ती ओसरते, हे एकदा अनुभवलं की माणसाला धीर येतो. दारूसाठी जसे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट, तसे जुगारासाठी गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसचे. १९५७ साली लॉस एंजेलिसला सुरुवात झाली, आता ऑनलाइन बैठकाही होतात. घरच्यांसाठी वेगळा गट आहे, गॅम-अ‍ॅनॉन. तालुक्याच्या गावात बसून तुम्हाला तो सापडला, तर जरूर बसा. 'मला वाटलं माझ्याच घरी' हे वाक्य तिथे प्रत्येक बाई म्हणते.

घसरण होऊ शकते. सहा महिने बरे जातील आणि आयपीएलमध्ये एक रात्र जाईल. तेव्हा 'सगळं वाया गेलं' म्हणू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. आपल्याकडे दारू हा आजार आहे हे पटवायला पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी १९८६ पासून आयुष्यं वेचली. तिथून बाहेर पडलेलेही सगळेच पहिल्या खेपेला कायमचे सुटतात असं नाही.

आणि ते उपचाराला तयारच झाले नाहीत तर? हा पर्याय तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण मनात आलेला असणार. मग तुम्ही पगाराचं खाते वेगळं करा, दागिने माहेरी किंवा लॉकरमध्ये ठेवा. ते स्त्रीधन आहे, त्यावर हक्क तुमचा. ते हिसकावलं गेलं किंवा घरखर्चच बंद झाला, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आर्थिक छळही मोजतो. काही काळ मुलीला घेऊन वेगळं राहणं म्हणजे संसार मोडणं नव्हे. मी असे संसार पाहिले आहेत जे बाई चार महिने माहेरी राहिल्यामुळेच टिकले, आणि असेही पाहिले की ती परत गेली नाही आणि ते बरोबर होतं. यातलं तुमचं कुठलं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्हाला आत्ताच ठरवायची गरजही नाही.

पतसंस्थेचा तो अर्ज कपाटात राहू दे. सोमवारी शाळेत रजा टाका आणि दोघं मिळून जिल्हा रुग्णालयात जा. मानसोपचार विभागाचा केस पेपर काढायला आधार कार्ड जवळ ठेवा, आणि त्या देण्यांच्या कागदाची एक झेरॉक्सही न्या, डॉक्टरांना दाखवायला. सकाळी लवकर निघा, खिडकीशी रांग असते.